लाईफबोटीत जागा किती होती, ते आधी विचारा

परवा मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते आणि मागे एकदम भोंगा वाजायला लागला, सात छोटे नि एक लांब, म्हणजे जहाजावरचा धोक्याचा इशारा, माझ्या काळजात धस्स झालं. "अगं आई ड्रिल आहे, ठेवतो" म्हणाला आणि फोन कट. मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे तो, जहाजावरच्या लाईफबोटी, लाईफजॅकेटं बघायचं काम त्याच्याकडे. तेव्हापासून डोक्यात टायटॅनिक घोळतंय म्हणून लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

टायटॅनिक म्हटलं की आपल्याकडे हिमनग, श्रीमंतांचे थाट आणि "देवालाही बुडवता येणार नाही म्हणाले म्हणून बुडलं" एवढंच ऐकू येतं. मला याचा खरंच राग येतो. जहाजावर साधारण 2200 माणसं होती आणि 20 होड्यांत मिळून जागा 1178 जणांची. म्हणजे त्या रात्री सगळं अगदी सुरळीत झालं असतं तरी हजारभर लोकांच्या वाट्याला ते बर्फासारखं पाणीच होतं, आणि हे जहाज निघालं तेव्हाच ठरलेलं होतं. यात देव कुठून आला?

आणि हे सगळं कायद्यात बसत होतं हो! ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडचा, म्हणजे जहाजांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याचा, तक्ता 1894 चा, त्यात सगळ्यात मोठ्या जहाजांचा गट "10,000 टन आणि त्याच्या वर", त्यांना 16 होड्या पुरेत. टायटॅनिक 46,000 टनांचं. जहाजं चौपटीहून मोठी झाली पण तक्ता होता तिथेच. उलट टायटॅनिकवर नियमापेक्षा 4 होड्या जास्तच होत्या, कागदावर बोट ठेवायला जागा नाही. म्हणून मी म्हणते की हिमनगाने जहाज बुडवलं, पण त्या रात्री गेलेल्या दीड हजारातली कितीतरी माणसं त्या तक्त्याने मारली.

बरं ज्या होड्या होत्या त्याही भरल्या नाहीत. पहिली होडी 65 जणांची, ती 28 माणसं घेऊन खाली उतरली. एका 40 च्या होडीत तर फक्त 12 जण. लोकांना वाटत होतं एवढं मोठं, उबदार, दिवे लागलेलं जहाज सोडून अंधारात त्या होडीत कशाला बसायचं, आणि प्रवाशांची ड्रिल झालेली नाही, कोणी कुठल्या होडीपाशी जायचं हेच माहीत नाही. थर्ड क्लासमधले चारातला एक वाचला. पोटासाठी देश सोडून निघालेली माणसं, लहान लहान पोरं सोबत.

मला सगळ्यात जास्त लागते ती कॅलिफोर्नियन जहाजाची गोष्ट. ते जवळच बर्फात थांबलेलं होतं. त्यावर वायरलेस ऑपरेटर एकच, तो साडेअकराच्या सुमारास मशीन बंद करून झोपला आणि 11:40 ला टायटॅनिक धडकलं. दहा मिनिटं! त्या पोराला मी दोष देत नाही, एकटा माणूस किती जागणार. पण कॅलिफोर्नियनच्या डेकवरच्या अधिकाऱ्यांना आकाशात टायटॅनिकचे मदतीचे रॉकेट दिसले, कॅप्टनला कळवलं, आणि तरी त्या ऑपरेटरला उठवायला सकाळपर्यंत कोणी गेलं नाही. मदतीला धावून आलेल्या कार्पेथिया जहाजाचा ऑपरेटर झोपायच्या तयारीत असूनही कानाला हेडफोन लावून होता म्हणून सातशेच्या आसपास माणसं आज वाचलेली म्हणून मोजतो आपण.

मग लंडनला देश जमले आणि जानेवारी 1914 मध्ये सोलास करार झाला, म्हणजे समुद्रावरच्या माणसांच्या जिवाच्या सुरक्षेचा. जेवढी माणसं तेवढी होडीत जागा, ड्रिल, वायरलेसवर 24 तास कान, बर्फावर नजर ठेवणारी गस्त. लगेच महायुद्ध आलं, सगळं रखडलं, पण पाया तोच, आज माझा पोरगा ज्या सोलासवर चालतो ती त्याचीच 1974 ची आवृत्ती.

पण नियम आला की झालं असंही नाही. 24 जुलै 1915 ला शिकागोत ईस्टलँड नावाची बोट, सहलीला निघालेली कामगारांची कुटुंबं आत, धक्क्याला बांधलेली असतानाच आडवी झाली, 844 माणसं गेली. ती आधीपासूनच डुगडुगणारी, त्यात होड्या वाढवा म्हणून वरच्या अंगाला आणखी वजन चढवलं, तोल कोण बघणार? होड्या मोजल्या, बोट नाही बघितली.

माझं सासर रेवसकडचं. 17 जुलै 1947 ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि सहाशेहून जास्त माणसं घेऊन बुडाली, त्या बाजूला ही जखम अजून आहे. आणि त्याच पाण्यावरून मी एकदा लाँचने जाताना बघितलं तर लाईफजॅकेटं वर छताला दोरीने करकचून बांधलेली, गाठीवर धूळ. मी म्हटलं सोडून द्या एक, तर म्हणे मॅडम काही होत नाही, मोजायला येतात तेव्हा भरली पाहिजेत. भरलेली होती. मोजली असती तर पूर्ण होती. मी भांडून एक काढून घेतलं आणि मांडीवर धरून बसले, बाजूची बाई माझ्याकडे बघत होती, तिच्या कडेवर बाळ होतं, मग दुसरंही काढायला लावलं.

मुलाचा रात्री मेसेज आला. ड्रिल झाली, पण लाईफबोटीचं इंजिन पहिल्या सेल्फला लागलं नाही, दुसऱ्याला लागलं, म्हणून फोर्थ इंजिनियरला घेऊन परत उघडून बसलाय, जेवायला उशीर होईल, वाट बघू नकोस.