बटण दाबा, पळा!

"चल चल, पुढं अजून खूप आहे!" दर सुट्टीत भाच्याला विज्ञान केंद्रात नेते आणि दर वेळी हे वाक्य कानावर आदळतंच.

परवाचीच गोष्ट. समोरासमोर दोन भल्यामोठ्या अंतर्गोल तबकड्या. एकीच्या नाभीपाशी, म्हणजे आवाज एकवटतो त्या बिंदूपाशी, कुजबुजलं की लांबच्या दुसरीपाशी लख्ख ऐकू येतं. पोरगी कान लावून उभी, आणि पलीकडून बाबा काय करतात? बोंबलतात! "ऐकू येतंय का गंऽऽ?" अहो, ते तर तबकडीशिवाय पार्किंगमध्येही आलं असतं.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे झोक्यातून दाखवणाऱ्या फुकोच्या लंबकापाशी तर बोलायलाच नको. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण फिरायला साधारण ७५ तास लागतात. यांना ७५ सेकंदांचा धीर नाही. "नुसता हलतोय," असा निकाल, एक सेल्फी, पुढं.

आणि ती फिरती खुर्ची! हातात फिरतं चाक धरून बसायचं, चाक तिरपं केलं की खुर्ची आपोआप वळते. रांगेत सगळी चिल्लीपिल्ली, खुर्चीत कोण? पन्नाशीचे काका. दुसऱ्यांदा. भाचा हळूच विचारतो, "मावशी, यांची शाळा कधी सुरू होते?"