सीक्यू, सीक्यू, कळसूबाई!

हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचं, एक खूळ आहे. 2002 साली ब्रिटनमध्ये 'समिट्स ऑन द एअर' या नावाने ते निघालं आणि जगभर पसरलं. डोंगराच्या माथ्यावर आपल्या पायांनी जायचं, सामान आपणच वाहायचं, जनरेटर चालत नाही, आणि वरून निदान चार स्टेशनांशी, म्हणजे चार हॅमवाल्यांशी, बोलायचं, तरच गुण. बोलायचं काय? "तुमचा आवाज फिफ्टी-नाइन येतोय," म्हणजे जोरात आणि स्पष्ट. समोरचाही तेच म्हणतो. संपलं.

हे घरी समजावून सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग गच्चीवरून सांग ना." हॅमच्या बोलीत बायकोला एक्सवायएल म्हणतात. वायएल म्हणजे यंग लेडी. पुढचा एक्स कशाचा, हे मी घरी अजून फोडलेलं नाही.

गुण मिळोत न मिळोत, आपण ते नियम पाळून बघायचं ठरवलं आणि सुरुवात थेट कळसूबाईपासून केली. 1646 मीटर, महाराष्ट्रात याच्या वर काही नाही. पाठीवर 9 किलो: रिग म्हणजे रेडिओचा संच, बॅटरी, वायरची अँटेना, ती संचाला जोडणाऱ्या कोॲक्स केबलचं वेटोळं, आणि ते सगळं उंच टांगायला मासे धरायचा घडीचा फायबर दांडा. बारी गावातून निघालो तेव्हा मी गिर्यारोहक होतो. पहिल्या लोखंडी शिडीवर सॅकबाहेर आलेला दांडा पायऱ्यांत अडकला आणि मी नुसता अडथळा झालो. मागे रांग. "काका, चढताय की उतरताय?" त्यानंतर लिंबू-सरबताचं एकही दुकान मी उपकरणं तपासल्याशिवाय ओलांडलं नाही.

कळसूबाईची गोष्ट अशी सांगतात की ती गावात कामाला राहिली ती एका अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. तरी तिला तेच काम सांगितलं, तेव्हा ती डोंगरावर निघून आली. रविवारी माळा साफ करायचं कबूल करून पहाटे तीनला घरातून सटकलेल्या माझ्यासारख्याला हे दैवत फार जवळचं वाटतं.

माथ्यावर वारा असा की टोपी पहिल्या मिनिटाला भंडारदऱ्याच्या दिशेला गेली. दांडा उभा केला, दोरीने आवळला, वायर ताणली. एक सातआठ वर्षांचा मुलगा भजी खात शेजारी येऊन उभा राहिला.

"काका, इथे मासे मिळतात?"

"रेडिओ आहे बाळा."

त्याने दरीत वाकून बघितलं. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता.

आता कोॲक्स रिगला जोडायचा. कोॲक्सच्या टोकाला एका जातीचं कनेक्टर, रिगला दुसऱ्या जातीचं. मधे एक अंगठ्याएवढा ॲडॅप्टर लागतो. तो सॅकमध्ये नव्हता. खिशात नव्हता. सॅक उलटी केली, मोजे झटकले, चिवड्याच्या पिशवीतही हात घालून आलो. 9 किलो ओझं वर आणलं आणि 20 ग्रॅम घरी.

उरली खिशातली हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा रेडिओ. 5 वॅट, वीतभर अँटेना, जी गच्चीवरूनही चालली असती. दोन मीटर बँडवर सीक्यू, म्हणजे 'कुणी ऐकतंय का?' अशी हाक, दिला आणि, उंचीची कमाल, कल्याण आलं! मग ठाणे. मग नाशिक. तिघांनीही फिफ्टी-नाइन दिलं. चौथा मात्र येईना. पाऊण तास मी वाऱ्याला सीक्यू ऐकवत होतो, घसा बसला, बॅटरीची एकच काडी राहिली. आणि अचानक पुण्याहून खणखणीत आवाज. आमच्या पलीकडच्या गल्लीतले काका! त्यांचं लायसन्स माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे.

"फिफ्टी-नाइन," काका म्हणाले. "तुझ्या एक्सवायएलचा सकाळी फोन होता. निरोप आहे. पण थर्ड पार्टी मेसेज नियमात बसत नाही, सांगता येणार नाही."

"काका, निदान कशाबद्दल?"

बराच वेळ नुसती खरखर.

"लहान आहे. चकाकतं. डायनिंग टेबलावर आहे. यापुढे एक अक्षर बोलणार नाही. माळ्याचंही नाही. सेव्हंटी-थ्री!"

सेव्हंटी-थ्री म्हणजे आमच्या बोलीत रामराम. मी हँडी बंद केली आणि वहीत चौथी नोंद केली. न जोडलेली वायर वाऱ्यावर शिट्टी घालत होती. मुलगा दुसरी प्लेट घेऊन परत आला होता.

"काका, गावले का?"

"चार," मी म्हटलं.