‘धक्का वर्षभरात ओसरतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही १४ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांवर आहात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला आहे, शेती आणि संसार दोन्ही सांभाळलंत. एचआयव्हीसोबतच्या नैराश्यावर मी लिहिलं, त्यामुळे लोक पुन्हा ‘बिचारे’ म्हणून बघतील, याचा तुम्हाला राग आलाय. ‘धक्का वर्षभरात ओसरतो, पुढे गोळी वेळेवर घेतली की झालं,’ असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. व्हायरल लोड दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून विषाणू जोडीदाराला जात नाही, हे त्या लेखात यायलाच हवं होतं. आज घातलंय.

पण धक्का ओसरला की विषय संपला, हे मला पटत नाही. मी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. रिपोर्ट हातात पडल्यावरचं रडणं कुणालाही दिसतं. आठव्या-दहाव्या वर्षी जे येतं, ते दिसत नाही. एक ताई होत्या. नवरा गेला तरी खचल्या नाहीत, मुलांना वाढवलं, एक डोस चुकवला नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि जेवण तुटलं, झोप उडाली. पाहुण्यांना कळलं तर? आम्हाला मात्र एवढंच सांगायच्या, ‘अंगात ताकद नाही.’ आम्ही हिमोग्लोबिन तपासत बसलो. थकवा, भूक मरणं, झोप न लागणं आजारानेही होतं आणि नैराश्यानेही. त्यात दोन महिने गेले. अजून सलतं ते.

औषधाचाही वाटा असतो. ती जुनी रात्रीची गोळी तुम्हीही घेतली असेल. तिच्यातल्या एफाविरेंझने गरगरायचं, वाईट स्वप्नं पडायची, काहींचं मन पार खाली जायचं. आताच्या डोल्युटेग्राविरनेही काहींची झोप बिघडते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.

आणि ‘गोळी वेळेवर’ म्हणता, ती घेण्याचं बळ मनातूनच येतं ना? अमेरिकेत २००५ ते २०१५ या काळात जवळपास ५,९०० रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. नैराश्यात गेलेल्या दिवसांचं प्रमाण जितकं जास्त, तितक्या तपासणीच्या तारखा अधिक चुकत होत्या. ते प्रमाण २५ टक्क्यांनी (समजा, शून्यावरून २५ टक्क्यांवर) वाढलं की मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे प्रश्न पहिल्या धक्क्याचा कमी आणि पुढच्या वर्षांचा जास्त आहे.

एप्रिल २००४ मध्ये सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा माणूस जगवणं हेच काम होतं. आता माणसं वीस-वीस वर्षं जगतायत. मुलांना कधी सांगायचं, म्हातारपणी कोण बघणार, हे सगळं त्या वर्षांत येतं. मनाची चौकशी करायला नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, पाच मिनिटांत होते. गोळ्या आम्ही दर खेपेला मोजतो. हे प्रश्न मात्र बहुतेकदा नव्या रुग्णालाच विचारतो. माझी तक्रार आमच्या या सवयीबद्दल आहे, तुमच्या हिमतीबद्दल नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘आई गेली त्या वर्षी दोनदा औषध आणायला गेलो नाही, पण ते कारण वेगळं.’ दादा, तुम्ही पुन्हा गेलात तेव्हा चुकलेल्या तारखा सोडून आणखी काही कुणी विचारलं होतं का तुम्हाला?