पाव, पाय आणि पावशेर : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

मुंबईच्या पावाचं नाव पोर्तुगीजांकडून आलं, हे मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुम्हाला ते रुचलं नाही. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर तुमचं म्हणणं असं : लादीचा पाव हिस्सा तो पाव. नाहीतर पूर्वी कणीक पायांनी तुडवत, म्हणून पाव. शिवाय ‘पावणे’ हे क्रियापद मराठीत किती जुनं! लॅटिन तर संस्कृतचीच लेक, त्यामुळे शब्द तिकडून आला असला तरी मूळचा आपलाच. आणि सगळ्यात झोंबणारं वाक्य शेवटी : ‘ज्यांनी वसईच्या विहिरींत पाव टाकून माणसं बाटवली त्यांच्या पदरात आपला शब्द टाकताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?’

वाटतं. म्हणूनच लिहिते आहे.

आधी पाव हिस्सा घेऊ. हा ‘पाव’ अस्सल घरचा आहे यात शंकाच नाही. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय, आणि चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग. श्लोकाच्या चौथ्या हिश्श्यालाही पाद म्हणतात तो याच हिशेबाने. प्राकृतातून झिजत तो मराठीत ‘पाव’ झाला आणि त्याचं मोठं कुटुंब झालं. पावशेर, पावकी, चार आण्यांची पावली, सगळी त्याचीच. म्हणजे गंमत बघा, तुम्ही दिलेल्या पाव हिस्सा आणि पाय या दोन व्युत्पत्ती मुळात एकाच शब्दाच्या आहेत. पण खायच्या पावाशी त्या शब्दाचा संबंध दाखवायचा तर नुसता उच्चार सारखा असून भागत नाही. शेजारच्या भाषांकडे बघावं लागतं, आणि तिथे हे दोन शब्द सरळ वेगळे पडतात.

गुजरातीत चौथा भाग म्हणजे ‘पा’. पाव तासाला ते ‘पा कलाक’ म्हणतात. खायचा पाव मात्र ‘पांउ’, डोक्यावर अनुस्वार घेऊन. बंगालीत पाव हिश्शाला ‘पोया’ म्हणतात आणि पावाला ‘पाउरुटि’. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ असते तर तो गुजरातीत आणि बंगालीत असा दोन वाटांनी गेला नसता. मराठीत आणि हिंदीत दोन्हींचा उच्चार योगायोगाने एक झाला, आणि त्या योगायोगानेच आपल्याला चकवलं. व्यवहारातही बघा. दुकानात ‘चार पाव द्या’ म्हटलं की चार अख्खे पाव हातात पडतात, कुणी एक लादी देत नाही. अर्धवट हवं असेल तर आपण ‘अर्धी लादी’ म्हणतो. त्यात ‘पाव’ हे माप म्हणून कुठेच येत नाही.

पायांनी कणीक तुडवण्याची गोष्ट माझ्याही आजोळी सांगायचे, मुलांनी बेकरीचं खाऊ नये म्हणून. तुडवत असतील किंवा नसतील, तो प्रश्न बाजूला ठेवू. आपण मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतो, पाव नाही. पायरी, पायवाट, पायताण. ‘पाँव’ हिंदीत म्हणतात. म्हणजे ही गोष्ट जुळवली हिंदीने आणि आपण ती उचलली. ज्यांच्याकडून पाव आला त्या पोर्तुगीजांच्या भाषेत पाय म्हणजे ‘पे’, तिथे तर ही कोटी जुळतच नाही. ‘पावणे’चं उत्तर एका ओळीत होतं : संस्कृत ‘प्राप्’, प्राकृत ‘पावइ’, मराठी ‘पावणे’. नवसाला पावणारा गणपती तो हाच. पोटात जाणाऱ्या पावाशी त्याचं नातं नाही.

आता खरा पुरावा. तो मला इतका आवडतो की इथे जरा रेंगाळणार आहे.

लॅटिनमध्ये पावाला ‘पानिस’ म्हणत, आणि वाक्यात कर्म म्हणून आला की ‘पानेम’. त्या एका शब्दाची लॅटिनच्या लेकींनी काय काय रूपं केली बघा. इटालियन ‘पाने’, स्पॅनिश ‘पान’, फ्रेंचमध्ये शेवटचा न नाकात विरून जवळजवळ ‘पँ’. पोर्तुगीजची खोड याहून वेगळी. दोन स्वरांच्या मधला न ती गिळून टाकते आणि त्याच्या जागी नाकातला सूर ठेवते. हाताला लॅटिनमध्ये ‘मानुस’, पोर्तुगीजमध्ये ‘माउं’. तसंच पानेमचं ‘पाउं’. युरोपातल्या या बहिणींपैकी फक्त तिच्याच तोंडी शेवटी असा उकार येतो. आपल्या ‘पाव’मधला व म्हणजे तोच उकार, आणि गुजराती ‘पांउ’वरचा अनुस्वार म्हणजे तोच नाकातला सूर. मराठीने उकार ठेवला आणि अनुस्वार टाकला, गुजरातीने दोन्ही जपले. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांऐवजी स्पॅनिश लोक उतरले असते तर आपण आज ‘पान’ खाल्लं असतं आणि विड्याच्या पानाशी घोटाळा करत बसलो असतो.

हाच शब्द पूर्वेकडेही गेला. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. शतकभरात, १६३९ मध्ये, त्यांना तिथून हाकललं, पण शब्द राहिला. जपानी जिभेला ‘पाउं’ जमेना, तिने त्याचा ‘पान’ केला. बेकरीला ते आजही ‘पानया’ म्हणतात, आणि अझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या गोड पुरणाने भरलेल्या पावाला ‘अनपान’. जपानी भाषेतून तो कोरियात गेला आणि ‘प्पांग’ झाला. जपानी माणसाला कुणी ‘तुमच्या पानाचं मूळ परकं’ म्हटलं तर त्यात त्याचं काही जात नाही, कारण अनपान जगात त्यानेच केला.

आणि ज्या लॅटिन शब्दाचा तुम्हाला एवढा दुरावा वाटतो तो तर आपल्या बोलण्यात दुसऱ्याही दारांनी शिरलेला आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानियो’ म्हणजे एका पंगतीला बसून पाव वाटून खाणारा. ‘कोम्’ म्हणजे सह, पुढे तोच ‘पानिस’. त्यातून इंग्रजी ‘कंपनी’. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्याने दिलं ते याच नावाच्या मंडळीला, ईस्ट इंडिया कंपनीला. आगगाडीतली ‘पॅन्ट्री’सुद्धा मुळात पाव ठेवायची खोली. लांबच्या गाडीत बसून आपण ‘पॅन्ट्रीतून काही मागवू का?’ म्हणतो तेव्हा ‘पानिस’ उच्चारतच असतो.

लॅटिन ही संस्कृतची लेक, हे मात्र मान्य करता येणार नाही. दोघी बहिणी आहेत, त्यांची आई दोघींपेक्षा जुनी. भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात हे नातं मांडलं आणि नंतर दोनशे वर्षं विद्वानांनी ते पारखलं. तुमचं समाधान होईल असं एक उदाहरण त्यातच आहे. संस्कृत ‘पाद’ची लॅटिनमधली बहीण ‘पेस’, तिची रूपं ‘पेदिस’, ‘पेदेम’ अशी चालतात. सायकलचं ‘पेडल’ तिच्यातून आलं. फारसी ‘पाय’ही त्याच घरातला, तो आपल्या पायजम्यात आहे. म्हणजे पावशेरातल्या पावाचं पेडलशी रक्ताचं नातं आहे आणि लादीतला पाव जहाजातून आला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरीला बाध येत नाही.

आता विहिरी. वसईच्या बाजूला ही गोष्ट अजून सांगतात, मीही ऐकली आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली, वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. त्या काळातल्या धर्मांतराचा इतिहास कडू आहे आणि तो गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. पण तुम्ही ज्या आठवणीचा दाखला देता तीच माझ्या बाजूने साक्ष देते. पाण्यात पाव पडल्याने विहीर बाटली असं लोकांना वाटलं, कारण पाव हे त्यांचं अन्न, आपलं नव्हे, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. लादीचा चौथा भाग म्हणून आपल्या घरात जन्मलेल्या वस्तूने विहीर बाटली नसती. शब्दाचं मूळ झाकलं तर त्या आठवणीतला अर्थच जातो.

तुम्ही राज्यव्यवहारकोशाचं उदाहरण दिलंत. शिवाजी महाराजांनी तो करवून घेतला तेव्हा कारभारातला प्रत्येक फारसी शब्द फारसी म्हणून ओळखावा लागला, तेव्हा त्याच्यासमोर संस्कृत पर्याय लिहिता आला. सावरकरांनी ‘मेयर’ला ‘महापौर’ दिला तोही ‘मेयर’ कुठला हे माहीत असल्याने. शब्द बदलायचा असो वा ठेवायचा, आधी तो कुठून आला ते नीट सांगावंच लागतं. खोटी घरची व्युत्पत्ती लावली तर दोन्ही वाटा बंद होतात.

मग हा शब्द आपला कसा? आपण त्याचं काय केलं त्यावरून. तो पुल्लिंगी झाला, ‘पावाला’, ‘पावात’, ‘पावावर’ असा आपल्या विभक्त्यांत चालायला लागला. एका ट्रेमध्ये खेटून भाजलेल्या पावांना आपण ‘लादी’ म्हटलं. माहीमच्या एखाद्या बेकरीत सकाळी लादी सोडवताना बघा : वरची तपकिरी पाठ चकचकीत, आणि शेजाऱ्यापासून तोडलेल्या दोन्ही कडा पांढऱ्या, लोकरीसारख्या तंतूंच्या, अजून वाफ धरलेल्या. त्या पांढऱ्या कडेलाच चटणी मुरते, म्हणून वडापावाला लादीचाच पाव लागतो, कडक ब्रून पाव चालत नाही. ही पारख मुंबईची आहे, लिस्बनची नाही.

वडापाव उघडून बघा. ‘वडा’ संस्कृत ‘वटक’वरून. ‘बटाटा’ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, तिकडे तो रताळ्याला होता, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला. मिरची आली अमेरिकेतून, पण तिला आपण मिऱ्याचं, ‘मरिचा’चं, घरातलं जुनं नाव दिलं. म्हणजे एका वस्तूला नाव आपण दिलं, दुसरीचं नाव वस्तूबरोबर घेतलं. मराठी दोन्ही करते आणि दोन्हींत ती तितकीच मराठी असते. चावी, पगार, पिंप, घमेलं हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. घमेलं डोक्यावर घेऊन महिन्याच्या पगाराची वाट बघणाऱ्या माणसाचं मराठीपण त्याने कमी झालं, असं तुम्हीही म्हणणार नाही.

लेखातलं ते वाक्य काढून टाका, अशी तुमची मागणी आहे. ते मी ठेवते आहे. सोळाव्या शतकाच्या आधीच्या मराठीत, कुठल्याही पोथीत, बखरीत, ताम्रपटात, खायच्या पदार्थासाठी ‘पाव’ आलेला दिसला तर ओळ आणि संदर्भ मला पाठवा. मी ती ओळ लेखात सगळ्यात वर घालीन आणि तुमचं म्हणणं तिच्याखाली तुमच्याच शब्दांत देईन.