‘१३३३’ या आकड्याविषयी आमचे म्हणणे

सप्रेम नमस्कार.

“३६००ची रॅम सांगून पैसे घेतले, घरी तपासली तर १३३३ निघाली, गेमचे एफपीएस होते तेवढेच राहिले, टिळक रस्त्यावरच्या या दुकानात फसवणूक होते,” असे आपण एका ताऱ्यासह लिहिले आहे आणि सोबत स्क्रीनचा फोटो जोडला आहे. (एफपीएस म्हणजे गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या.) आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल दुकानाचा मालक म्हणून मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. त्या रात्री आम्ही जे तोंडी सांगितले ते बिलावर लिहून द्यायला हवे होते, ते दिले नाही, ही चूक आमचीच आहे. मात्र १३३३ या आकड्याविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण तो वाचून उद्याचे गिऱ्हाईक दुकानाची पायरीही चढणार नाही, आणि या दुकानावर माझ्यासह चार घरे चालतात.

आपल्या फोटोत सीपीयू-झेड या, मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने दाखवलेला आकडा रॅमच्या क्लॉकचा, म्हणजे मेगाहर्ट्झमधला आहे. डीडीआर रॅम क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला दोन वेळा डेटा पाठवते, म्हणून खोक्यावर छापलेला वेग नेहमी या आकड्याच्या दुप्पट असतो. १३३३ची दुप्पट २६६६ होते, आणि २६६६ हाच आकडा आपण घरून आणलेल्या ८ जीबीच्या दोन जुन्या स्टिकच्या, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांच्या, लेबलवर छापलेला आहे. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकाच बोर्डवर बसवल्या की सगळ्यांना सर्वांत संथ स्टिकच्या चालीनेच चालावे लागते. आम्ही दिलेल्या दोन स्टिक ३६००च्याच आहेत; त्या आपल्याच जुन्या स्टिकसाठी थांबल्या आहेत.

हे आपल्याला ठाऊक नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. आपण आलात तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि दुकान नऊला बंद होते, तरीही शटर अर्धे खाली ओढून आम्ही काम हाती घेतले. प्रथम जुन्या स्टिक काढून फक्त नव्या दोन दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय, चालू केले आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, जिथे दुप्पट केलेलाच वेग दिसतो, ३६०० हा आकडा आपल्याला दाखवला. आपण मोबाईलवर त्याचा फोटोही काढलात. त्यानंतर “जुन्या फुकट कशाला घालवायच्या, त्याही लावा, ३२ जीबी होऊ दे,” असे आपणच म्हणालात. चारही स्टिक लावून ३६००वर मशीन तीनदा चालू करून पाहिले. तिन्ही वेळा पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. अखेर २६६६वर ते नीट सुरू झाले, तसे आमच्या मुलाने आपल्याला सांगितले, आणि सव्वादहाला आम्ही कुलूप लावले. आपल्या अभिप्रायात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नसावा, याचे मला फार वाईट वाटले.

महागडा माल गळ्यात मारायचा असता, तर मी आपल्याला ३६००पासून परावृत्त केले नसते. आपल्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरला कंपनीने अधिकृतपणे ३२००पर्यंतचीच हमी दिलेली आहे. ३६०० बहुतेक मशीनवर चालते, पण ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाने चालवणेच असते. शिवाय ३२०० सीएल १६ आणि ३६०० सीएल १८ (सीएल म्हणजे डेटा येण्याआधी जाणारे क्लॉकचे ठोके) या दोन्हींचा हिशेब कागदावर मांडला तर पहिला प्रतिसाद सारख्याच १० नॅनोसेकंदांत येतो. म्हणूनच ३२००च्या १६ जीबीच्या दोन स्टिक घ्या, जुन्या विकून टाका आणि दोन स्लॉट मोकळे राहू द्या, असा माझा सल्ला होता. आपण व्हिडिओ पाहून ३६०० ठरवूनच आला होतात. गिऱ्हाईकाची इच्छा मोडायची नाही म्हणून मी गप्प बसलो. अधिक आग्रह धरायला हवा होता, असे आता वाटते.

एफपीएसबद्दलही सांगतो. गेम चालू असताना आपले ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण क्षमतेने राबत होते, त्यामुळे रॅम वाढवून सरासरी एफपीएस फारसे वाढणार नव्हते, आणि तसे आश्वासन आम्ही दिलेही नव्हते. गेमसोबत ब्राउझर आणि रेकॉर्डिंग चालू ठेवल्यावर १६ जीबी भरून जात होती, विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकत होते आणि खेळ मध्येच अडखळत होता, ही आपली मूळ तक्रार होती. “अडकणे थांबले” हे आपणच अभिप्रायाच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे. त्यासाठी उपयोगी पडली ती क्षमता, वेग नव्हे.

यापुढे वेगवेगळ्या स्टिक एकत्र बसवून दिल्यास प्रत्यक्षात मिळणारा वेग बिलावर नोंदवण्याची पद्धत आम्ही लवकरात लवकर सुरू करू, आणि समजावून सांगण्याच्या बाबतीतही सुधारणा करू. आपल्याला हवे असेल तर कोणत्याही दिवशी दुपारी, शक्यतो पाचच्या आत, मशीन घेऊन यावे. आमच्या दोन स्टिक बिलाच्या किमतीला परत घेऊन १६ जीबीच्या दोन देऊ, फरकाची रक्कम तेवढी आपण द्यावी, बसवण्याचा आकार घेणार नाही. तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवावा, पण ‘फसवणूक’ हा शब्द आपण काढावा, ही नम्र विनंती.

आपला,
दुकानमालक, सदाशिव पेठ, पुणे