पिशवीचं ऑपरेशन आणि दसऱ्याची सुट्टी

आमच्या बेळगाव भागात गावं खाण्यावरून ओळखतात. गोकाक म्हटलं की आधी डिंक-सुक्यामेव्याचा करदंट, मग धबधबा. बेळगाव म्हटलं की खव्याचा गोड कुंदा, मग किल्ला. आणि किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन देऊळ आठवायला तर पुण्याहून पाहुणा यावा लागतो. सौंदत्तीला लोक यल्लम्मासाठी जातात हे खरं, पण डोंगरावर चुली पेटतात, पुरणपोळ्या लाटल्या जातात, परड्या भरतात, आणि घरी आल्यावर दर्शनापेक्षा त्या जेवणाचंच वर्णन जास्त वेळ चालतं. अशा मुलखात मी पोटाचं ऑपरेशन करून सुट्टीला निघाले.

ऑपरेशन मे महिन्यातच उरकलं होतं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझी सगळी दुखणी सुट्टीत बसवावी लागतात. गॅस्ट्रिक बायपास, वजन उतरवायचं ऑपरेशन. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची एवढीशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर ओढून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण बिनखात्याच्या मंत्र्यासारखं. ही शस्त्रक्रिया १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मेसन आणि इटो या दोन डॉक्टरांनी सुरू केली. दोघेही हुशार असणार, पण दोघांपैकी एकालाही खानापूर तालुक्यात आत्या नव्हती.

दसऱ्यापर्यंत ती पिशवी थोडी सैलावली आणि मी वाटीभर जेवणापर्यंत पोचले. नियम मात्र सैलावले नव्हते. जेवणाआधी अर्धा तास पाणी नाही, जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. घास चावून चावून त्याचं पीठ करायचं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांचं एकमेकींशी पटत नाही, त्यामुळे दोघींत दोन तासांचं अंतर. मी शिक्षिका, मी वेळापत्रक आखलं. सहा तासिका जेवणाच्या, मधल्या सुट्ट्या पाण्याच्या, गोळ्यांचे तास वेगळे. बस स्टँडवर दहा मिनिटं थांबते आणि मला पाच घास खायला अर्धा तास लागतो, हे त्या वेळापत्रकात कुठेच बसेना. शेवटी चालत्या बसमध्ये डबा उघडायचा ठरलं. उकडलेली अंडी सगळ्यात सोयीची, पण नवरात्रात सौंदत्तीच्या बसमध्ये अंड्याचा डबा उघडण्याइतकी मी धीट नाही. पनीरचे तुकडे घेतले. शेजारची आजी म्हणाली, "खोबरं हाय काय ते? दे की जरा."

नातेवाइकांना काय सांगायचं हा त्याहून मोठा प्रश्न. आपल्यात वजन वाढलं की लोक तोंडावर बोलतात आणि कमी झालं की पाठीमागे. निपाणीच्या मावशीनं फोनवर "शुगर तपासलीस काय?" विचारलं. संकेश्वरच्या वहिनीनं यांना बाजूला घेऊन, "घरात काही टेन्शन हाय काय?" म्हणून चौकशी केली. एका जावेला मी कुठला काढा पिते ते हवं होतं, आणि मी सांगत नाही म्हणून ती रुसली. तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "पिशवीचं ऑपरेशन झालंय." यात एक अक्षर खोटं नव्हतं. ऐकणाऱ्या प्रत्येक बाईनं आपापल्या परीनं गर्भपिशवी समजून घेतली, दोन मिनिटं हळहळली आणि विषय मिटला. निदान मला तसं वाटलं.

पहिली परीक्षा बसमध्येच झाली. २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी लाल बस फुकट आहे. ओळखपत्र दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. माझ्या आधारवरचा फोटो जुन्या वजनाचा. गाल चौकटीत मावत नाहीत. कंडक्टरनं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"इदु यार्दरी?"

"नंदे री," मी म्हटलं. माझंच आहे.

"थोरल्या अक्काचं चुकून आणलासा काय बघा."

मग तो फोटो अर्ध्या बसमधून फिरला. मागच्या सीटवरच्या एका बाईनं "नाक तेच हाय" अशी साक्ष दिली तेव्हा कुठे तिकीट फाटलं. हे स्वतःचं पूर्ण तिकीट काढत म्हणाले, "निम्मी झालीस, पण सरकारला त्याचा काही फायदा नाही."

शिवाय सीट. पूर्वी दोघांच्या सीटवर मी बसले की यांना एक पाय बाहेर ठेवावा लागायचा, आणि तिथे तिसरं माणूस मावेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. आता प्रत्येक स्टॉपला कोणीतरी "सरका की जरा" म्हणून टेकतं. एकदा एक बाई, तिचं पोर आणि रताळ्यांचं अर्धं पोतं, एवढी मंडळी माझ्या रिकाम्या झालेल्या जागेत राहायला आली.

गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. तिथल्या झुलत्या पुलाला मी आजवर लांबूनच नमस्कार केला होता. "तुम्ही जावा, मी फोटो काढते" हे माझं ठरलेलं वाक्य. या वेळी मी पदर खोचून पुढे झाले, तर पूल बंद. एवढा खर्च करून वजन उतरवलं आणि पुलाच्या तोंडाशी कुलूप. मग वेळच वेळ होता, म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर काठावर चालुक्यांच्या काळातली देवळं! ती तिथे शतकानुशतकं उभी आहेत. मी मात्र दरवेळी करदंटच्या दुकानाकडे तोंड करून उभी असायची. यांनी अर्धा किलो करदंट घेतला आणि "डिंक जरा कडक आहे, काजू बरे आहेत" असं समालोचन करत माझ्यासमोर संपवला.

दुपारी खानावळीत गेलो. आमच्या डॉक्टरांनी एक कार्ड दिलंय, 'या रुग्णाची पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, कृपया अर्धी थाळी द्यावी' अशा अर्थाचं, इंग्रजीत. वाढप्यानं ते खिशात घातलं. विमा एजंटचं वाटलं असावं. माझ्या पुढ्यात पूर्ण ताट आलं: ज्वारीची कडक भाकरी, येण्णगाई म्हणजे भरली वांगी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, दही. मी पाव भाकरी दह्यात मोडली, झुणक्याचे चार घास खाल्ले आणि थांबले. मालक गल्ल्यावरून उठून आले.

"ऊटा छलो इल्लेनरी?"

जेवण फार चांगलं आहे, मी म्हटलं, पोटात जागा नाही. त्यांनी चटणी बदलून दिली. मी जागा नाही म्हटलं. त्यांनी तूप आणलं. शेवटी पैसेच घेईनात; न जेवलेल्या बाईचे पैसे घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. हे म्हणाले, "मी दोघांचं जेवलोय, दोघांचे घ्या," तेव्हा सुटलो. चहाच्या टपरीवर तरी कर्नाटकाची 'वन बाय टू'ची सोय आहे, एका चहाचे दोन कप. मी त्यातल्या एकाचेही दोन करायला सांगितले, तर पोरानं विचारलं, "पेशंट हाय काय?"

त्यातल्या त्यात सौंदत्तीनं लाज राखली. डोंगरावर भंडारा उधळलेला, "उदो गं आई उदो"चा गजर, आणि एका अनोळखी कुटुंबानं आंबील पुढे केली. पातळ, आंबट, गार. अख्ख्या दौऱ्यात एवढी एकच गोष्ट मी आग्रहाशिवाय प्यायले.

मग खानापूर. वाटेत हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ केलं, कदंबांच्या काळातलं. पृथ्वी उचलून उभा असलेला वराह बघून मला शाळेचा जिना आठवला. तिथून आत्याच्या गावी पोचलो ती अष्टमीची संध्याकाळ. घट बसलेले, समई तेवत होती, आणि आत्यानं 'पिशवी'ची बातमी ऐकून डिंकाच्या लाडवांचा डबा भरून ठेवला होता. मी बेळगाव बासमतीच्या भाताचे दोन घास घेऊन हात आखडता घेतला.

"एवढंच काय खाऊलीस गं? अंगात रगत कुठनं येणार?"

आणि तिनं कुंद्याची वाटी आणली. नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिथेच फसले. चमचा आत गेला. एकदाच वाढू नये म्हणून दुसरा गेला. पहिल्या चमच्याला डोळे भरून आले, एवढा तो सुंदर होता.

पण बायपासनंतर साखर जठरात रेंगाळत नाही, थेट लहान आतड्यात जाऊन पडते. तिला पातळ करायला आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं. मग पोटात कळा, छातीत धडधड, घाम, थरथर. याला डंपिंग म्हणतात आणि ते अर्ध्या तासाच्या आत गाठतं. उपाय एकच, गप आडवं व्हायचं. मी नेमकी घटासमोर बसले होते. ऑपरेशननंतर काही महिने केस गळतात, अंबाडा घातला की आणखी गळतात, म्हणून केस मोकळे. घामानं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. मी थरथरत एकदा मोठ्यानं "हूं" केलं.

"आली गं बाई आली!" शेजारची काकू ओरडली.

कुणी हळदकुंकू लावलं, कुणी नारळ ओटीत टाकला, कुणी घंटा वाजवली. हे सगळं ओळखून होते, पण तोंडावर रुमाल धरून उंबऱ्याशी उभे. काकू पाया पडून विचारत होती, "आई, पोरीला चंदगडचं स्थळ आलंय, करू काय?"

"सोडा," मी म्हटलं. "सोडा मला."

"सोडा म्हणाली! चंदगडचं सोडा म्हणाली!"

तेवढ्यात आत्याच्या मुलानं हात जोडून विचारलं, बोअर कुठे मारू. मला उत्तर द्यायचं नव्हतं, मला संडास गाठायचा होता, आणि तो मागल्या दारी. मी हात तिकडे केला आणि धावले. माझ्यामागून आरती घेऊन आठ-दहा बायका धावल्या. दाराला आतून कडी लावल्यावरही बाहेर गजर चालूच होता.

दिवाळीच्या सुमाराला आत्याचा फोन आला. मागल्या दारी पाणी लागलं होतं, भरपूर. चंदगडचा मुलगा दारू पितो असं काकूला कुठूनसं कळलं होतं, तेही बरंच झालं. मी तिला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं: जठर, आतडं, साखर. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"होय की," ती म्हणाली. "पुढच्या अष्टमीला दुपारीच ये. खालच्या गल्लीतल्यांनापण विचारायचंय. कुंदा मी सांगून ठेवलाय."