बीम सगळ्यांना 10 सेंटिमीटरचाच

सर,

खाली 'एक निवृत्त क्रीडाशिक्षक' एवढंच लिहिलंय तुम्ही, म्हणून सरच म्हणते. जिम्नॅस्टिक्समधल्या न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या, खेळाडूंवरच्या माझ्या लेखावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पोर जरा अवखळ निघालं की हल्लीच्या आयांना त्याला इंग्रजी नाव हवं असतं, मग सवलती हव्या असतात. वीस-पंचवीस मुलांमागे एक सर असताना 'वेगळं शिकवा' म्हणणं सोपं आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स औषध घेऊन पदकं जिंकते आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिचं अवसान गळालं. आणि शेवटी, 'ज्याचं चित्त ठिकाणावर नाही त्या वेडसर पोराने बीमवर चढूच नये.'

आधी भाषेबद्दल बोलते. सुरुवातीला मी 'ताई', मध्ये 'तुमच्यासारख्या आया', आणि शेवटी मुलं 'वेडसर'. उभा जन्म शाळेत घालवलेल्या माणसाच्या तोंडी मुलांसाठी हा शब्द वाचून मला वाईट वाटलं, आणि रागही आला. मी तो लेख कोणाची आई म्हणून लिहिलेलाच नव्हता. बीमवर, म्हणजे तोल सांभाळत कसरत करायच्या त्या अरुंद पट्टीवर, चढणारं ते पोर मीच होते, हे दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचलात तरी का?

आता ते वाक्य. म्हापशाला शिकत होते तेव्हा माझी पंचाईत बीमवर व्हायचीच नाही, रांगेत व्हायची. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळायचा, वर ट्यूबलाइटची घूं घूं, मॅटचा दमट वास, पुढच्या मुलीची सुटत आलेली वेणी. सगळं एकदम आत शिरायचं. त्यात सरांच्या सूचना एका दमात यायच्या: गुडघे सरळ, पोट आत, हनुवटी वर, हात कानाला, टाचा जुळव. पहिली आणि शेवटची तेवढी डोक्यात उरायची. मग ओरडा. घरी आजीचं वेगळंच, 'हिचे पाय जाग्यार नात.' बीमवर चढले की मात्र पायाखाली 10 सेंटिमीटर रुंद पट्टी आणि खाली सव्वा मीटरवर जमीन. पाऊस, वेणी, सगळं बाजूला व्हायचं. मला आहे ती एडीएचडी (लक्ष आणि चंचलतेशी संबंधित मेंदूची वेगळी घडण) म्हणजे लक्षच नाही असं नसतं, सर. ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवणं जड जातं. जिथे धोका असतो आणि चुकलं ते त्याच क्षणी कळतं, तिथे माझं लक्ष इतकं चिकटायचं की मारलेली हाक ऐकू येत नसे.

पुढे एक बाई शिकवायला आल्या. कार्टव्हीलचा (हातांवरून बाजूला घेतलेल्या कोलांटीचा) पहिला हात जिथे पडायला हवा, तिथे त्यांनी बीमवर खडूने आडवी रेघ मारली आणि 'रेघ बघ' एवढंच म्हणाल्या. हात तिथे पडायला लागला तेव्हा दुसरी सूचना. पाळी येईपर्यंत मला रांगेत न ठेवता भिंतीला हँडस्टँड करायला लावायच्या. मी राज्य पातळीवर खेळले ते त्यांच्यामुळे. निदान झालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पणजीत. म्हणजे तेव्हा इंग्रजी नाव नव्हतंच, नुसती शिस्त होती. ती पोटभर मिळूनही माझं चित्त ठिकाणावर आलं नाही, खडूच्या रेघेने आलं.

सवलती कुठल्या म्हणता? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. पॅरालिम्पिक्समध्ये जिम्नॅस्टिक्स हा खेळच नाही. त्यामुळे असं मूल खेळतं ते सगळ्यांच्या बरोबरीने: तोच बीम, तेच 90 सेकंद, पडलं की तोच एक गुण वजा. मी लेखात मागितली होती ती फक्त शिकवण्याची पद्धत.

बाइल्सबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मात्र अन्यायाचं आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये हॅकर्सनी 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नोंदींमधून तिची वैद्यकीय माहिती चोरून पसरवली. त्यावर तिने स्वतःहून सांगितलं की तिला एडीएचडी आहे आणि ती लहानपणापासून औषध घेते. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधावर स्पर्धेच्या काळात बंदी आहे, पण वैद्यकीय कारण असेल तर कागदपत्रं तपासून परवानगी मिळते. तिच्याकडे ती होती. माहिती तिची चोरीला गेली आणि तुमच्या लेखी चोर तीच ठरली! टोकियोत तिने मध्येच माघार घेतली ती 'ट्विस्टीज'मुळे. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच शरीराला कळेनासं होतं. एडीएचडी नसलेल्या जिम्नॅस्टनाही ते होतं. आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये ती परत येऊन ब्राँझ जिंकली ती कशावर? बीमवर. रिओतही बीमवर तिला ब्राँझच होतं.

वीस-पंचवीस मुलांमागे एक सर, ही अडचण खरी आहे, मान्य. पण खडूच्या कांडीला आणि एका वेळी एकच सूचना द्यायला जादा माणूस लागत नाही. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मतभेद अवश्य लिहा. 'वेडसर' हा शब्द मात्र पुन्हा लिहिलात तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली हे पान वाचतात, आणि त्यातल्या एकीने परवा मला विचारलं की हे सर माझ्याबद्दल बोलतायत का.